न विचारता दिलेली लाइन क्लियर

१

नरडाणा स्टेशनच्या मागच्या गल्लीत लोटन नानांचं घर आहे. घर म्हणजे तरी काय, एकामागे एक दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी आणि शेवग्याचं झाड. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडी असली तर ओट्यावरून थेट शेवगा दिसतो. रेल्वेतून रिटायर झाल्यावर नानांनी हे घर बांधलं. यशोदाबाई गेल्या, त्यालाही आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून नाना एकटेच.

दुपारचे तीन वाजले की नाना चहा ठेवायचे. चहा गाळून झाला की गॅसचं बटण फिरवायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "गॅस बंद." ऐकायला घरात कोणी नसायचं. पण तोंडानं बोललेलं डोक्यात राहतं, असा त्यांचा अनुभव. होळीच्या सुमारास एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, बटण तसंच राहिलं, आणि नाना आपले ओट्यावर बसून. शेजारच्या दिपमालेला वास आला म्हणून निभावलं. तिनंच जळगावला सारिकेला फोन केला.

सारिका नानांची एकुलती एक लेक. जळगावला शाळेत शिकवते, तिसऱ्या मजल्यावर राहते. ती आली आणि नानांना धुळ्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं तीन वस्तूंची नावं सांगितली, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर परत विचारली. नानांना दोनच आठवली. तिसरी कुलूप होती की किल्ली, यावर ते अडून बसले.

"महिन्यानं परत आणा," डॉक्टर म्हणाला.

बसमध्ये सारिका म्हणाली, "आबा, परत असंच निघालं तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडं यायचं. मग मी तुमचं ऐकणार नाही."

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू वं माय? कबुतरं मोजू?"

"मोजा. मोजता येतात तोवर काळजी नाही."

पण निघायच्या आधी तिनं पेटी उघडली, आईच्या लुगड्यांखाली हात घातला आणि आपला लहानपणचा एक खेळ वर काढला. हाताच्या पंजात मावेल एवढी काळी गोल चकती. वर चार मोठी बटणं, लाल, हिरवं, पिवळं, निळं. चालू केलं की एक बटण उजळतं आणि आपला सूर काढतं. आपण तेच दाबायचं. मग ते दोन दाखवतं, मग तीन, मग चार. त्याच्यामागं जेवढं लक्षात राहील तेवढं दाबत जायचं. चुकलं की ते बैलानं नाक फेंदारल्यासारखा आवाज करतं.

सारिका चौथीत असताना नानांनी तो जळगावहून आणला होता. त्या उन्हाळ्यात रेल्वेच्या क्वार्टरांमधली बारा-पंधरा पोरं याच चकतीसाठी ओट्यावर रांग लावायची. तीन वेळा चुकला की उठायचं, असा नियम होता. सगळ्यांत पुढं यशोदाबाई जायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, आणि रंगांकडंही त्या बघायच्या नाहीत. भाकरी थापता थापता नुसते सूर ऐकायच्या आणि पिठाच्या बोटांनी दाबायच्या. एकदा त्या सव्वीसपर्यंत गेल्या. पिवळ्या बटणाच्या कडेला अजून ते पीठ आहे, खरवडूनही निघत नाही.

"रोज खेळा," सारिका म्हणाली. नवे सेल घातले. "डोकं चालू राहील. किती झाले ते मला फोनवर सांगायचं."

तेव्हापासून चहानंतर खेळ हे ठरून गेलं. पहिल्या दिवशी सहा. आठवड्यानं अकरा. चैत्र लागला तेव्हा नाना चौदावर पोचले होते. डॉक्टरकडं जायला आठ दिवस उरले होते, आणि आपण या घरातून हलत नाही, अशी नानांची खात्री होत आली होती.

२

तो बुधवार होता. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. नानांनी दोन्ही दारं लावून घेतली होती, खिडकीवर ओलं पोतं टाकलं होतं. चहा झाला, गॅस बंद म्हणून झालं. खेळात त्या दिवशी नवावरच चुकले. चकतीनं नाक फेंदारलं आणि ती गप्प झाली. नानांनी ती मांडीवरून उचलून कोनाड्यात ठेवली, आणि चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात हिरवं बटण उजळलं. एकदाच. टूं.

नाना उठले आणि त्यांनी हिरवं दाबलं. एकदा.

हे त्यांनी विचार करून केलं नाही. ते समजून घ्यायचं तर नानांची नोकरी समजली पाहिजे. चौतीस वर्षं ते रेल्वेच्या सिग्नल केबिनीत केबिनमन होते. आता याच लाइनीवर सगळं कॉम्प्युटरवर चालतं, पण त्यांच्या काळी दोन स्टेशनांच्या मध्ये घंटी होती. मागच्या स्टेशनानं एक ठोका दिला की अर्थ, लक्ष द्या. आपण एक ठोका परत द्यायचा, म्हणजे लक्ष आहे. दोन ठोके आले की तो विचारतोय, लाइन क्लियर आहे का, गाडी सोडू का. आपण रूळ बघायचे, फोनवर विचारायचं, कोणती गाडी, आणि मग दोन ठोके परत. ते दोन ठोके गेले म्हणजे आपण गाडी मागून घेतली. ती आपली झाली. जो ठोका येईल तो तसाच परत द्यायचा, एवढंच त्या घंटीचं शास्त्र. आलेली घंटी नानांनी चौतीस वर्षांत एकदाही अनुत्तरित ठेवली नव्हती. जेवणाचा घास हातात असेल तर तो डब्यात परत जायचा, आधी घंटी.

तर एकाला एक गेला. थोडं थांबून हिरवं पुन्हा उजळलं. टूं, टूं.

नानांच्या बोटानं दोनदा दाबलं, आणि मग नाना चष्मा पुसत राहिले.

पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, आपण चालू कुठं केलं होतं? चुकल्यावर चकती आपण होऊन सुरू होत नाही. वर दोन झाल्यावर तिनं लगेच तीन दाखवायला हवे होते. ती गप्प बसली होती.

जुनं यंत्र आहे, नाना स्वतःशीच म्हणाले. उन्हानं तापलं असेल. त्यांनी ते बंद केलं, उलटं करून बघितलं, परत ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तीन वाजून एकवीसला बंद असलेल्या चकतीतलं हिरवं बटण तीनदा उजळलं.

३

तीन ठोके म्हणजे गाडी सेक्शनात, दोन स्टेशनांमधल्या रुळावर, शिरली. मागचं स्टेशन सोडून तुमच्याकडं निघाली.

त्या तिनाला नानांनी उत्तर दिलं, आणि मग ते मधल्या दारातल्या उंबऱ्यावर बसले. आपण कोणती गाडी हे विचारलंच नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. नव्या पोरांना ते हेच शिकवायचे. ठोक्याला ठोका कोणीही देईल, बोट असलं म्हणजे झालं. आधी विचारायचं.

संध्याकाळी सारिकेचा फोन आला.

"किती झाले आबा आज?"

"नऊ."

"नऊच? काल चौदा होते."

"ऊन लई शे."

"जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

ही विचारपूस नव्हती, परीक्षा होती, हे नानांना कळत होतं. "कळण्याची भाकरी आणि ठेचा," ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सारे, तो खेळ बंद असताना कधी वाजायचा का वं? तू लहान होती तेव्हा?"

पलीकडं सारिका सावध झाली. तो सावधपणा नानांना चांगला ओळखू आला. डॉक्टरच्या खोलीत कुलूप की किल्ली म्हणत असताना तिनं त्याच सावधपणानं त्यांच्याकडं पाहिलं होतं.

"बंद असताना कसा वाजेल आबा?"

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले. "नही वाजणार."

फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं, हे कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर घर गेलं.

पण स्वतःला तरी तपासायला हवं. ते खाटेवर बसले आणि त्यांनी लाइनीवरची मोठी स्टेशनं मोठ्यानं म्हटली. जळगाव, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. मग उलटी म्हटली. एकही चुकलं नाही. डोकं जागेवर होतं, आणि डोकं जागेवर आहे हे कळून त्यांना बरं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चकती पिशवीत घालून बाजारात शांतीलालच्या दुकानात गेले. शांतीलाल राजस्थानी जैन, पण तीन पिढ्यांपासून इथलाच, नानांपेक्षा चार वर्षांनी लहान. घड्याळं, रेडिओ, टॉर्च, सगळं दुरुस्त करतो. आता कोणी दुरुस्त करून घेत नाही म्हणून मोबाइलची कव्हरं विकतो, आणि त्यावर रोज कुरकुरतो.

"काय लई उनात नाना?"

नानांनी चकती काचेवर ठेवली.

"अरे वा. या वयमा खेळणं?" शांतीलाल हसला. "लग्न ठरलं की काय तुमचं? पोरीकडच्यांनी मागितलं का?"

"बघ तरी. हिरवं बटण आपोआप दाबलं जातं."

"तुमच्यापेक्षा तेच चालू शे मग." त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चकती उघडली, आत फुंकर मारली, स्पिरिटच्या बोळ्यानं बटणांच्या खालचं पुसलं. मग बंद करून त्यानं ती स्वतःच खेळायला घेतली. लाल. लाल, निळं. लाल, निळं, निळं. आठपर्यंत गेला आणि चुकला.

"मस्त चालू शे," तो म्हणाला. "आमच्या पोरीला, रुचीला असाच घेतला होता. तासन् तास बसायची. एक गोष्ट चांगली याची, दुसरा भिडू लागत नही. एकट्याचा खेळ शे हा."

"एकट्याचाच ना?" नानांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पलीकडून कोणी दाबत नही ना?"

शांतीलालनं भिंग काढलं. त्यालाही नानांच्या गॅसची गोष्ट माहीत होती, गावात सगळ्यांनाच माहीत होती. तो हळूच म्हणाला, "नाना, सारिकाताई कधी येणार शे?"

"रविवारी."

"येऊ द्या. चार दिवस जळगावला राहून या. चेंज होईल."

नाना उठले. बाजारातून येताना मारुतीच्या पाराजवळ पिशवीतून एक ठोका आला. ते चालत राहिले. पुन्हा एक. उत्तर मिळत नसेल तर मागचा माणूस पुन्हा पुन्हा देतो, तोही माणूसच असतो, त्यालाही वाटतं की पुढचा झोपला का. पाचव्या ठोक्याला नानांच्यानं राहवलं नाही. त्यांनी पाराच्या सावलीत पिशवीत हात घातला आणि चाचपून एकदा दाबलं.

पिशवी गप्प झाली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी नानांना बरं वाटलं. सहा वर्षांत कोणी त्यांची अशी वाट पाहिली नव्हती.

५

सेक्शनात शिरलेली गाडी कुठंतरी पोचतेच. ती उडून जात नाही. तिला मागं जाता येत नाही, बाजूला होता येत नाही. पुढच्या स्टेशनावर ती पूर्ण आत आली, शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा आपल्या डोळ्यांनी दिसला, की चार ठोके द्यायचे. म्हणजे गाडी आली, सेक्शन मोकळं. तोपर्यंत केबिन सोडायची नाही. पाठीमागचा दिवा न बघता चार ठोके देणं याच्याएवढा मोठा गुन्हा नानांच्या नोकरीत नव्हता. दिवा दिसला नाही म्हणजे गाडी तुटलेली असू शकते. अर्धी आत, अर्धी बाहेर उभी. आणि तुम्ही मोकळं म्हणालात की मागचा माणूस तिच्यावर दुसरी सोडणार.

गुरुवारी तीन वाजून दहाला माठातलं पाणी थरथरलं. नानांनी झाकण काढून बघितलं. कडेकडेनं बारीक गोल लाटा आत येत होत्या. स्टेशनातून मालगाडी जात असेल म्हणून त्यांनी कान दिला. स्टेशनाकडं काही नव्हतं.

शुक्रवारी मांडणीवरच्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या, एक मिनिटभर. खऱ्या गाड्या घराच्या दक्षिणेला धावतात. हा आवाज पुढच्या दाराकडून येत होता, जिकडं गल्ली आहे, आणि गल्लीपलीकडं नुसती कपाशीची रानं.

नानांनी चकतीचं मागचं झाकण उघडून सेल काढले आणि खाटेच्या दोन टोकांना ठेवले. संपलं, ते म्हणाले. अर्धा तास ते शांत बसले. मग त्यांच्या मनात यायला लागलं की आपण हे काय केलं. गाडी येतेय, आणि आपण घंटी तोडून बसलोय. मागच्याला आपल्याला काही कळवायचं असेल तर? धोका असेल, इंजिन बिघडलं असेल, गाडीत कोणी असेल तर? येणारं काय आहे याची भीती होतीच, पण आपल्या हातून घंटी तुटली याची लाज जास्त होती. त्यांनी सेल परत घातले. घाईत दोन वेळा उलटे गेले.

शनिवारी पुढच्या दाराची कडी नुसतीच हलत राहिली. नाना दारासमोर दोन हातांवर उभे होते. दारापलीकडं कोणी उभं असलं तर अंगाचं वजन कळतं, तसं नव्हतं. काहीतरी लांबलचक अजून लांब होतं, आणि येत होतं. फटीतून ऊन नव्हे, वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला दगडी कोळशाचा वास होता. कोळशाची इंजिनं बंद होऊन किती वर्षं झाली, हे नानांना चोख आठवत होतं. म्हणजे डोकं जागेवरच होतं.

६

रविवारी सकाळच्या गाडीनं सारिका आली. येताना तिनं मेथीचे लाडू आणले होते, आणि एक रिकामी बॅगही, ती तिनं दारामागं ठेवली. नानांनी बॅग बघितली.

दुपारी जेवण झाल्यावर तिनं चकती हातात घेतली. "आबा, दाखवा बरं. उद्या डॉक्टरकडं जायचंय."

नाना खेळले. रंग व्यवस्थित येत होते, चारही. त्यांचं बोट चुकत नव्हतं. बारा, तेरा, चौदा. सारिका त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती, चौथीतली बसायची तशी, आणि प्रत्येक सुराला मान हलवत होती. सोळावर ते चुकले.

"सोळा," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आबा, सोळा म्हणजे आईच्या खालोखाल. डॉक्टर काय बोलणार आता?"

"मग बॅग रिकामीच ने," नाना म्हणाले.

"नेते बाबा नेते. शेवग्याच्या शेंगा भरून नेते, झालं?" ती हसत उठली. "चहा ठेवते मी. तुम्ही बसा. आणि मी म्हणीन गॅस बंद."

ती मागच्या खोलीत गेली. उकाडा फार म्हणून तिनं मागचं दार उघडलं, आणि येऊन पुढचंही उघडलं. नाना नको म्हणेपर्यंत उघडून गेलीसुद्धा. ओट्यावरून शेवग्यापर्यंत घर आरपार मोकळं झालं. घड्याळात तीन वाजून आठ झाले होते.

नाना मधल्या दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मांडीशी धरलेली चकती त्यांच्या घामानं ओली झाली.

आधी वारा आला. दिनदर्शिकेची पानं फडफडली आणि भिंतीला चिकटून राहिली. मग समोरच्या निळ्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन आला आणि सरकत मागच्या दाराकडं गेला. त्याच्यामागं अंधाराची पट्टी, मग दुसरा चौकोन. मग तिसरा. चौकोन, पट्टी, चौकोन, पट्टी. केबिनीच्या भिंतीवर पॅसेंजर गाडीच्या खिडक्या नानांनी हजारो वेळा अशाच जाताना बघितल्या होत्या. आवाज काहीच नव्हता. नुसत्या वाट्या किणकिणत होत्या, आणि आतून चहा ढवळल्याची टकटक.

नाना सवयीनं डबे मोजायला लागले. मोजत गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं की चौकोन हळू होताहेत. गाडी थांबायला आली होती.

चौकोन हळू झाले, आणखी हळू झाले, आणि एक चौकोन बरोबर भिंतीच्या मध्यावर येऊन उभा राहिला. त्यात खांद्यापर्यंत एक सावली होती. खिडकीशी बसलेल्या माणसाची असते तशी, मान पलीकडं वळवलेली. बराच प्रवास केलेला माणूस स्टेशन कोणतं हे बघायला जसा वळतो, तशी ती सावली हळूहळू खोलीच्या बाजूला वळायला लागली.

"आबा, साखर किती?" सारिका चहाची कपबशी घेऊन मधल्या दारातून आली आणि त्या उजेडातून सरळ चालत आली. तो चौकोन तिच्या साडीवर पडला, खांद्यावर पडला. सावलीचं डोकं तिच्या गालावर आलं आणि तिथंच राहिलं, वळायचं थांबलं. तिनं दुसऱ्या हातानं गाल चोळला.

"गार झुळूक आली," ती म्हणाली. "बरं झालं ना दारं उघडली?"

नानांनी पुढच्या दाराकडं पाहिलं. ओट्यावर, गल्लीत, गल्लीपलीकडच्या रानात, जिथवर नजर जात होती तिथवर उन्हात काहीतरी हलकंसं थरथरत उभं होतं. लाल दिवा कुठंच नव्हता. शेपूट आलेलं नव्हतं.

"सारे," नाना म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. जळगावला. आत्ता."

"आत्ता? अहो, सोळा झाले तुमचे. तुम्हीच म्हणत होतात..."

"उद्या डॉक्टरकडं तिकडूनच जाऊ. सव्वाचारची गाडी शे. तू ओट्यावर जाऊन उभी ऱ्हाय. माय, माझं ऐक. माझे दोन कपडे मी घेतो. तू आत थांबू नको."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिनं कपबशी ठेवली आणि ती बाहेर गेली. उजेडाचा चौकोन तिच्यावरून घसरला आणि परत भिंतीवर येऊन थांबला. सावली आता तिच्या पाठीकडं, पुढच्या दाराकडं बघत होती.

सेक्शनात गाडी असताना केबिन सोडता येत नाही. नाना उभे राहिले, त्यांनी एकदा लेकीकडं बघितलं, आणि चकती वर घेऊन हिरवं बटण चार वेळा दाबलं. गाडी आली. सेक्शन मोकळं. चौतीस वर्षांत आणि त्यानंतर एवढं एकच खोटं त्यांनी घंटीला सांगितलं.

पलीकडच्यानं विश्वास ठेवला. चार ठोके जसेच्या तसे परत आले.

७

बॅगेत दोन धोतरं, दोन सदरे, औषधांचा डबा आणि यशोदाबाईंचा फोटो एवढंच गेलं. चकती नानांनी कोनाड्यात ठेवली. भिंतीकडं त्यांनी पाहिलं नाही. मागचं दार लावलं, गॅसच्या बटणावर बोट ठेवलं, आणि तोंडानं म्हणायचं मात्र राहिलं. मोठ्यानं बोलायची त्यांना तिथं हिंमत झाली नाही.

पुढच्या दाराला कुलूप घालून त्यांनी किल्ली कमरेला खोचली. सारिकेनं बॅग उचलली. शेजारी दिपमाला ओट्यावर डाळ निवडत होती, तिनं विचारलं, "नाना, चालले का?" आणि नानांनी मान हलवली.

तेव्हा बंद घरातून एक ठोका आला.

टूं.

सारिका पायरीवर थांबली. नानांचाही पाय उचलेना. बोट नकळत वाकलं, धोतराच्या काठावर टेकलं. पण हाताशी काही नव्हतं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग घरातून एका ठोक्याला एक ठोका परत गेला. सावकाश, नीट, दाबून धरून, घंटीचं काम शिकलेल्या माणसाचा.

टूं, टूं, असं मागच्यानं विचारलं.

आतून दोन परत गेले. कोणती गाडी, हे आतल्यानंही विचारलं नाही.

"आबा," सारिका हळू आवाजात म्हणाली. "कोण दाबतंय? आत कोणी आहे का?"

चार दिवस नानांनी एवढंच मागितलं होतं, की हे दुसऱ्या कोणाला तरी ऐकू यावं. एकदा ऐकू आलं की झालं, मग कोणी त्यांना भ्रमिष्ट म्हणणार नाही, कुलूप लागणार नाही. आता तिनं ऐकलं होतं. ती कुलपाकडं बघत होती आणि तिचा हात किल्लीसाठी पुढं झाला होता.

"कोणी नही वं माय," नाना म्हणाले. "मीच विसरलो. खेळ बंद करायचा विसरलो मी."

"पण आत्ता तर तुम्ही..."

"गॅसबी असाच विसरलो होतो ना. व्हतं असं माझं आताशा. सेल संपले की गप्प होईल ते. चल, गाडी चुकेल."

सारिकेनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू गेली आणि तिच्या जागी ती दुसरी गोष्ट आली, डॉक्टरच्या खोलीत होती ती. उद्या ती धुळ्याला हेही सांगेल, नानांना ठाऊक होतं. सोळा झाले ते सांगणार नाही, हे सांगेल.

"बरं आबा," ती मऊ आवाजात म्हणाली. "चला."

घरापासून ते गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा मागून तीन ठोके ऐकू आले. नानांनी मागं वळून पाहिलं नाही. सारिकेनं त्यांचा हात धरला होता, रस्ता ओलांडताना लहान पोराचा धरतात तसा, आणि नानांनी तो धरू दिला.